लिओनेलची लाल

चौतीस वर्षं तिसरीच्या मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाने सत्तरीला टेकल्यावर दारू गाळायला बसावं का, या प्रश्नावर आमच्या घरात दोन मतं आहेत. एक मत आर्लीनचं, म्हणजे माझ्या बायकोचं. दुसरंही तिचंच आहे, पण ते ती पाहुण्यांसमोर बोलत नाही.

मुळात मी दारू गाळली नाही. बिअर केली. गाळणं वेगळं, आंबवणं वेगळं. हा फरक मी गल्लीतल्या प्रत्येकाला शांतपणे, उदाहरणं देऊन समजावला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढे म्हणाले, "बरं, पण सर, दारू गाळायचं तुमच्या डोक्यात आलंच कसं?"

ते लिओनेलमुळे आलं. लिओनेल थिबो एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवत होता. सकाळी तो मुलं आणून सोडायचा, दुपारी घेऊन जायचा, आणि मधल्या वेळात त्यांचं जे काही व्हायचं ती माझी जबाबदारी असायची. अशा कामातून जी मैत्री होते ती फार बोलकी नसते, पण टिकते. संध्याकाळी तो आपल्या गॅरेजमध्ये बिअर करायचा. दर सप्टेंबरला, आपल्या कुंपणावरच्या हॉपच्या वेलांची, बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं घालून, एक लाल रंगाची. आमच्या याकिमाच्या खोऱ्यात हॉप हे पीक आहे, हवामान आहे आणि थोडंफार नातेवाईकही आहे. ऑगस्टच्या अखेरीस हॉप वाळवायच्या भट्ट्या पेटल्या की अख्ख्या गावाला त्यांचा वास येतो. लिओनेलच्या त्या लाल बिअरमध्ये पंचवीस वर्षांत माझा वाटा एवढाच की मी बाटल्या धुवायचो आणि शेवटी "छान झालीय" म्हणायचो.

गेल्या जानेवारीत लिओनेलला ताप आला. आठ दिवसांनी तो उठला तेव्हा सगळं जागेवर होतं, फक्त वास येईनासा झाला होता. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आला नाही. जेवण म्हणजे ओला पुठ्ठा, असं तो सांगायचा. मार्चमध्ये उरलेली बिअर त्याने मोरीत ओतली. जुलैत मला म्हणाला, "सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मला सत्तर पूर्ण होतात. दुसऱ्या दिवशी वेल उपटतो आणि भांडी चर्चला देऊन टाकतो. जे मला कळत नाही ते मी लोकांना का पाजू?" हे त्याने ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात पूर्वी तो बस दहा मिनिटं उशिरा सुटेल असं सांगायचा. तो आवाज एकदा लागला की वाद घालण्यात अर्थ नसतो.

म्हणून मी ठरवलं की वाढदिवसाला त्याची लाल बिअर आपण करायची. त्याच्या नावाची.

"ज्याला वास येत नाही त्याला बिअर?" आर्लीन म्हणाली.

"हो."

"त्याला काय कळणार, एल्डन?"

मी विचार केला. निश्चय तेवढा पक्का झाला. त्याची बिअर त्याच्याशिवायही या खोऱ्यात होते आहे हे त्याने डोळ्यांनी बघावं, आणि सोमवारी कुदळ न उचलता चहा पीत बसावं, एवढीच माझी इच्छा होती. इच्छा लहान असली की काम सोपं असेल असं मला उगीचच वाटतं. वर्गातही माझी हीच चूक व्हायची.

कृतीचं कार्ड माझ्याकडे होतं. कधीतरी त्यानेच दिलेलं. बसच्या वेळापत्रकासारखं मांडलेलं होतं: डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला काम. सहा वाजता पाणी. सहा चाळीसला माल्ट (मोड आणून वाळवलेले जव). आठला उकळी. आठ पाचला हॉप, थोडे. नऊला उरलेले. एकूण हॉप दोन पौंड. काय ते सुंदर अक्षर! मुलांना मी आयुष्यभर सांगत आलो की प्रश्न नीट पूर्ण वाचा. कार्ड मी तीनदा वाचलं. कार्डावर जे लिहिलेलं नव्हतं ते मात्र एकदाही वाचलं नाही.

आता हॉप. लिओनेलच्या कुंपणावरचे तोडावेत तर गुपित फुटणार. म्हणून मी दोन घरं सोडून राहणाऱ्या रोहेलिओ ओर्नेलासकडे गेलो. रोहेलिओने तीस वर्षं हॉपच्या भट्टीवर काढली आहेत, आणि त्याची तिन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. माणूस सोन्यासारखा. पण त्याला सांगितलेली गोष्ट आधी भट्टीला कळते, मग खोऱ्याला, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत लिओनेलला. तेव्हा मी थोडं खोटं बोललो.

"आर्लीनला झोप येत नाही," मी म्हणालो. "हॉपच्या वासाने झोप लागते म्हणतात. तिच्या उशीत भरायला वाळलेले मिळतील?"

"मिळतील की, सर. किती?"

"दोन पौंड."

रोहेलिओने माझ्याकडे पाहिलं. "दोन पौंडांत उशी नाही होणार, सर. गादी होईल."

"तिला अजिबातच झोप येत नाही."

त्याने आमच्या घराकडे फार दुःखाने पाहिलं, आणि हंगामाची पहिली भट्टी निघाल्यावर एक उशीचा अभ्रा गच्च भरून, तोंड बांधून आणून दिला.

पुढचे चार आठवडे गल्लीतला प्रत्येक माणूस आर्लीनला झोपेबद्दल विचारत होता. कोणी गरम दूध सांगितलं, कोणी पाय थंड पाण्यात बुडवायला सांगितलं, आणि रोहेलिओच्या बायकोने तर, सर घोरतात का, आणि घोरत असतील तर त्यांना व्हरांड्यात झोपवता येईल का, असं माझ्यासमोरच विचारलं. आर्लीन नऊ वाजता दगडासारखी झोपणारी बाई. ती आता खरोखरच जागी राहू लागली. रागाने.

याच सुमारास मी वाढदिवसाच्या मेजवानीला गावचं सभागृह मिळावं म्हणून कचेरीत अर्ज केला. खिडकीपाशी डार्ला व्हिकर्स होती, माझी जुनी विद्यार्थिनी. आता तिला नातू आहे, पण माझ्यासमोर अजून पाठ ताठ करून बसते.

"सर, रकाना सात रिकामा आहे."

"त्यात काय लिहायचं?"

"दारू कुठल्या दुकानातून घेतली ते."

"कुठल्याच नाही. मी करतोय."

डार्लाने चष्मा काढला. "तुम्ही?"

"आंबवतोय. गाळत नाही."

"पण सर, 'स्वतः केली' असा रकाना नाहीये."

"मग सातवा सोडून देऊ."

"सर!" ती इतकी दुखावली की मलाच लाज वाटली. "रिकामा रकाना म्हणजे शून्य गुण. तुम्हीच म्हणायचात."

तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. तीन ठिकाणी लाल गोल, आणि खाली तिच्या नीटनेटक्या अक्षरात, "पुन्हा प्रयत्न करा." मी स्वतः मुलांच्या वह्यांवर हे चार हजार वेळा तरी लिहिलं असेल. वाचणाऱ्याला कसं वाटतं हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. मेजवानी मग आमच्याच परसात करायची ठरली.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी सहाच्या ठोक्याला पाणी ठेवलं. भांडं आर्लीनचं, सफरचंदाचा मुरंबा करायचं. माल्टपर्यंत सगळं कार्डाप्रमाणे झालं. घरात ताज्या पावासारखा वास सुटला. रंग बरोबर आलाय का हे बघायला मी शाळेतली जुनी खडूंची पेटी काढली आणि एकेक खडू भांड्याशेजारी धरून पाहिला. विटकरी म्हणावा तर थोडा मातकट, मातकट म्हणावा तर थोडा गंजलेला. मी 'लाल' असं ठरवलं. वर्गात असतो तर अर्धा गुण कापला असता.

मग हॉप. ओंजळभर आधी टाकले. नऊ वाजता अभ्रा उलटा केला.

भांड्यात पाच गॅलन पाणी होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. हॉप पडल्यावर ते दिसेना. भांड्यावर एक हिरवी टेकडी उभी राहिली. ती चमच्याने दाबली तर चमचा आत गेला आणि तिथेच राहिला. मग लाटण्याने दाबली. टेकडी खाली जायची, हळूहळू पाणी पिऊन फुगायची आणि पुन्हा वर यायची. डोळे चुरचुरायला लागले. आर्लीन खुर्ची घेऊन अंगणात जाऊन बसली आणि तिथून म्हणाली, "कार्डात असंच लिहिलंय?"

"कार्डात दोन पौंड लिहिलंय."

"मग बरोबरच असेल," ती म्हणाली. तिचं 'बरोबरच असेल' ऐकूनच मला शंका यायला हवी होती.

आणि त्याच वेळी मागच्या दाराने लिओनेल आत आला.

मी लाटण्यासकट चुलीला पाठ लावून उभा राहिलो. आता संपलं. पंचवीस वर्षं बिअर केलेला माणूस, आणि घरात वास असा की भिंतींवरचा कागद सुटावा. लिओनेलने टोपी काढली, खुर्ची ओढली, बसला.

"गरम होतंय तुमच्याकडे," तो म्हणाला. "सूप का?"

"सूप."

"कसलं?"

"पालेभाजीचं," मी म्हणालो. या वाक्यात तसं खोटं फार नव्हतं.

"चांगलं असतं," लिओनेल म्हणाला, आणि टेबलावरचं वर्तमानपत्र उघडून हवामान वाचू लागला.

क्षणभर मला आनंद झाला. गुपित वाचलं! आणि मग मी त्याच्याकडे पाहिलं. चार हातांवर त्याचीच बिअर उकळत होती, आणि तो मला सांगत होता की मंगळवारी वारा सुटेल. वास जाणं म्हणजे काय हे आठ महिने तो मला सांगत होता आणि मी "अरेरे" म्हणत होतो. त्या सकाळी ते मला दिसलं. लाटणं हातात धरून मी उभाच राहिलो. मग विचारलं, "सूप घेतोस?"

"नको," तो म्हणाला. "माझ्यावर कशाला वाया घालवतोस."

तो गेल्यावर मी भांड्यात उरलेलं गाळलं. पाचांपैकी सव्वादोन गॅलन निघालं. बाकीचं हॉप पिऊन बसले होते. ते मी यीस्ट घालून बंद पिंपात भरलं आणि पाहुण्यांच्या बाथरूममधल्या टबात ठेवलं, कारण तिथे गारवा असतो. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना बंदुकीसारखा आवाज झाला. पिंपाची हवा जायची नळी हॉपच्या पाकळ्यांनी बुजली होती आणि झाकण उडालं होतं. बाथरूमचं छत हिरवं झालं. आर्लीनने दार उघडून वर पाहिलं, दार लावलं, परत येऊन जेवायला बसली आणि म्हणाली, "मीठ दे." त्यानंतर दोन दिवस ती फक्त मिठासारख्या आवश्यक गोष्टींबद्दलच बोलली.

वीस बाटल्या भरल्या. वाढदिवसाच्या तीन दिवस आधी त्यातली एक उघडली. आर्लीनने घोट घेतला, थेट नळाकडे गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग मी घेतला. जीभ स्वतःहून घशाकडे सरकून लपायला बघत होती. कानांत कडवटपणा जाणवू शकतो हे मला पहिल्यांदाच कळलं.

आता गुपित ठेवून काय करायचं? रोहेलिओला बोलावलं. त्याने एक घोट घेतला, आणि तीस वर्षं भट्टीच्या धुरात न पाणावलेले त्याचे डोळे भरून आले.

"सर," तो म्हणाला, "यात तुम्ही उशी घातलीत?"

मी कार्ड पुढे केलं. त्याने वाचलं आणि मान हलवली. "अहो, लिओनेल वेलावरून तोडतो आणि तसेच टाकतो. ओले. ओल्या फुलात सगळं पाणीच असतं. सहा पौंड ओले भट्टीत घाला, एक पौंड बाहेर येतो. तुम्ही त्याच्या सहापट घातलेत."

"मग कार्डावर 'ओले' लिहायला नको?"

"सप्टेंबरात आपल्याकडे कोण लिहितं असं? पोराटोरांना ठाऊक असतं." मग अगदी प्रेमाने, "माझ्या धाकट्याला तुम्ही वजनमापांत नापास केलं होतंत, सर."

नवी बिअर करायला महिना लागतो, हातात तीन दिवस. यानंतर मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही. दुकानात जाऊन लाल बिअरच्या दोन पेट्या आणल्या, बाटल्या कोमट पाण्यात भिजवून त्यांचे कागद काढले आणि त्यावर माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलेले कागद चिकटवले: लिओनेलची लाल. शेजाऱ्याच्या वहीत बघून उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षं वेगळ्या बाकावर बसवलं आहे. त्या दिवशी माझ्यासाठी कुठे बाक असता तर मी आपण होऊन जाऊन बसलो असतो. खऱ्या एकोणीस बाटल्या टबातच राहिल्या. मोरीत ओतायला आर्लीनने मनाई केली होती. म्हणाली, पाइपांनी आपलं काय वाईट केलंय?

रविवारी परसात पंचवीसेक माणसं जमली. मी लिओनेलच्या हातात बाटली दिली. त्याने कागद वाचला. दोनदा वाचला. मग घोट घेतला.

"छान आहे," तो म्हणाला. आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. "एवढं केलंस तू माझ्यासाठी."

आठ महिने त्याने प्रत्येक घासाला हेच म्हटलेलं मी ऐकलं होतं. 'छान आहे.' पुठ्ठ्यालाही तो तेच म्हणाला असता. मग तो रोहेलिओकडे वळला आणि म्हणाला, "उद्या सकाळी वेल काढतो. कोणाला मुळं हवी असतील तर घेऊन जा." आणि आत बाथरूमला गेला.

बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. पाहुण्यांच्या बाथरूमबाहेर रांग लागली. रांगेत पहिली डार्ला होती. "सर, आतून आवाज पण येत नाही," ती म्हणाली. मी दार वाजवलं.

"लिओनेल? बरा आहेस ना?"

"आत ये. दार लाव."

तो टबाच्या काठावर बसला होता. हातात बाटली, विनाकागदाची. पंचवीस वर्षांच्या सवयीने ओपनर त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असतो, आणि नाव नसलेली बाटली दिसली की ती उघडून बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"ही कोणाची?"

"कोणाचीच नाही. बिघडलेली आहे. लिओनेल, ती पिऊ—"

त्याने घोट घेतला. त्याचा सगळा चेहरा नाकाभोवती गोळा झाला.

"थुंक," मी म्हणालो. "इथे टबात थुंक, काही हरकत नाही."

त्याने गिळला.

"कडू आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. माझीच चूक झाली, मी—"

"एल्डन. कडू आहे."

"अरे हो, म्हणूनच तर मी बाहेर दुसरी—"

"जरा गप्प बसशील?" त्याने डोळे मिटून दुसरा घोट घेतला. मोठा. मग जबड्याखाली, घशाच्या जरा वर, बोट टेकवलं. "इथे लागतंय."

मी त्याच्या शेजारी टबाच्या काठावर बसलो. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पण ती बिअर प्यायल्यावर माझ्याही आलं होतं, रोहेलिओच्याही, त्यामुळे त्यावरून काही अनुमान काढणं मला धोक्याचं वाटलं.

"वास नाही," तो म्हणाला. "वास अजूनही नाही. पण हे आहे. हे मला लागतंय, एल्डन. जानेवारीपासून पहिल्यांदा काहीतरी लागतंय." पुन्हा घोट. "किती हॉप टाकलेस?"

"दोन पौंड. तुझ्या कार्डाप्रमाणे."

"ओले?"

मी छताकडे पाहिलं. तिथेही काही दिलासा नव्हता.

"वाळलेले, एल्डन? दोन पौंड वाळलेले?"

आणि लिओनेल हसायला लागला. बसमध्ये तो असा हसला की मागच्या बाकावरची भांडणं थांबायची. तो हसत होता, मध्येच घोट घेत होता, तोंड वाकडं करत होता आणि पुन्हा हसत होता. बाहेरून डार्लाने दार वाजवलं. "सर, इथे पाच जण आहेत!"

"आम्ही कामात आहोत!" लिओनेल ओरडला. मग बाटली उजेडात धरून म्हणाला, "रंग गटारासारखा आलाय. माल्ट जळालाय. गाळलीस पण धड नाहीस."

"म्हणजे वाईटच आहे ना?"

"भयंकर आहे. किती उरल्यात?"

"अठरा."

"कोणाला देऊ नकोस."

ही स्तुती होती की तक्रार, हे मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आर्लीनला विचारत होतो.

सोमवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा कुंपणाला शिडी लावलेली होती आणि लिओनेल वरच्या पायरीवर होता. कुदळ कुठे दिसत नव्हती. खाली दोन बादल्या होत्या, हिरव्या फुलांनी भरलेल्या.

"बारा पौंड तोडायचेत," तो वरून म्हणाला. "रोहेलिओशी बोललोय. आज भट्टीत घालतो म्हणाला. वाळून दोन होतील."

"दोन पौंड वाळलेले?" मी म्हणालो. "म्हणजे माझंच प्रमाण बरोबर होतं?"

"नाही," लिओनेल म्हणाला. "साफ चूक होतं. ती बादली धर."